माळरानाचा जीर्णोद्धार

बीडहून सोलापूरच्या वाटेनें मांजरसुंब्याचा घाट चढला म्हणजे बालाघाटाचें पठार लागतें. जवळच मन्मथस्वामींच्या समाधीचें कपिलधार, पाटोदें तालुक्यांत १९९४ सालीं घोषित झालेलें नायगांव मयूर अभयारण्य, आणि भोंवतीं मुरुमाड, उघडेबोडके दिसणारे माळ. सरकारी दप्तरांत अशा भूमीस बहुधा ‘पडीक’ म्हणतात. या शब्दामुळें ती निरुपयोगी आहे अशी समजूत रूढ झाली. ती मात्र बरोबर नाहीं.

कातळावरील वीतभर मातींत व बेभरंवशाच्या पावसावर दाट अरण्य वाढत नाहीं, गवत वाढतें. पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी हीं दख्खनच्या माळांचीं मूळचीं गवतें. त्यांच्या मुळ्यांचें जाळें माती धरून ठेवतें, आणि त्यांच्यावर मेंढरें, काळविटें, ससे जगतात. हे माळ जंगलें तोडल्यामुळें झाले, हा समजहि आतां टिकत नाहीं. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनीं तेराव्या शतकापासूनच्या मराठी चरित्रग्रंथांतील, काव्यांतील व लोकगीतांतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनाप्रमाणें पश्चिम महाराष्ट्रांतील गवताळ, विरळ झाडीचा प्रदेश निदान साडेसातशें वर्षांचा जुना ठरतो.

अशा माळांवर दोन परक्या झुडुपांनीं ठाण मांडलें आहे. अमेरिकेंतील घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानांत शोभेसाठीं आली. वेडी बाभूळ १८७७ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत लावली गेली. घाणेरीचीं फळें पाखरें खातात, बाभळीच्या गोड शेंगा शेळ्या खातात, आणि बीं दूरवर पडतें. जाळी दाट झाली कीं तिच्या सावलींत गवत मरतें. घाणेरीचा पाला तर जनावरांस विषारी असतो.

हीं झुडुपें काढण्यास यंत्रांपेक्षां माणसांचे हातच अधिक उपयोगी. परंतु हातांस रीत ठाऊक पाहिजे. नुसती वरून छाटलेली घाणेरी अधिकच जोमानें फुटते. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनीं सांगितलेली पद्धति अशी : मुख्य मूळ जमिनीखालीं दोन-तीन बोटें तोडावें आणि झुडूप उलटें करून ठेवावें, म्हणजे त्याच्या मुळ्या पुन्हां मातींत रुजत नाहींत. वेड्या बाभळीचा बुंधाहि खोल खणून काढावा लागतो. माती ओली असतांना व फळें पिकण्यापूर्वीं हें काम सोपें जातें. बीड जिल्ह्यांत तर दसरा-दिवाळीनंतर कित्येक गांवें ऊसतोडीस निघून जातात. त्यामुळें स्वयंसेवकांस श्रावण-भाद्रपद हेच महिने सोयीचे.

जागा मोकळी झाली कीं काम संपलें, असें नव्हे. उघड्या मातींत गाजर गवत लगेच शिरतें. म्हणून तेथें मूळच्या गवताचें बीं पेरावें, निदान दोन पावसाळे चराई बंद ठेवावी, आणि दरवर्षीं फिरून नवे कोंब उपटावे.

अमेरिकेंतील गवताळ प्रदेशांस प्रेअरी म्हणतात. शिकागो शहरानजीक १९७७ सालीं स्टीव्ह पॅकर्ड यांच्या पुढाकारानें स्वयंसेवकांनीं असेंच कार्य आरंभिलें. त्यांनीं परकें बकथॉर्न झुडूप तोडलें, लोहमार्गांच्या कडेस उरलेल्या प्रेअरीचें बीं वेंचून पेरलें. परंतु हिरवीं झाडें तोडलेलीं पाहून शेजारचे नागरिक संतापले, आणि १९९६ सालीं कुक परगण्याच्या प्रमुखांनीं तें काम थांबविलें. पुढें तें पुन्हां सुरू झालें. पण लोकांस आधीं विश्वासांत घेतल्यावांचून कुऱ्हाड चालवूं नये, हा धडा त्यांतून मिळाला.

मांजरसुंब्याच्या परिसरांत हा धडा अधिकच लागू पडतो. येथें झाड लावणें पुण्य आणि तोडणें पाप, ही भावना दृढ आहे. शिवाय गोरगरिबांच्या चुलींत वेड्या बाभळीचेंच सरपण जळतें. एका हंगामांत सारा माळ साफ केला, तर त्या घरांची चूल कशावर पेटावी? चराई बंद केली, तर धनगरानें कळप कोठें न्यावा? म्हणून एकेक तुकडा हातीं घ्यावा, निघालेलें लांकूड त्याच घरांस द्यावें, आणि कोणता माळ केव्हां राखावयाचा हें ठरवितांना मेंढपाळांचा शब्द आधीं ऐकावा. कोणतें गवत कोठें वाढत असे, याची आठवण पुष्कळदां त्यांच्याचपाशीं असते. माळ राखणारे अखेर तेच असणार. स्वयंसेवकांनीं त्यांच्या हातास हात लावावयाचा आहे.