आल्सासचे चार सुगंध

पश्चिमेस व्होजची डोंगररांग आणि पूर्वेस र्‍हाइन नदी यांच्या बेचक्यात, फ्रान्सच्या ऐन सरहद्दीवर वसलेला आल्सासचा मुलूख १८७१ मध्ये जर्मन अंमलाखाली गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे परतला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनांच्या हाती पडला आणि १९४५ मध्ये फ्रेंच झाला. परंतु राज्ये बदलली तरी डोंगरउतारांवरचे द्राक्षमळे आणि त्यांतून निपजणारी सुगंधी पांढरी वाइन यांची परंपरा खंडित झाली नाही. पश्चिमेकडून येणारे ढग व्होजच्या माथ्यावरच रिते होत असल्यामुळे कोलमार शहराच्या परिसरात पर्जन्यमान अत्यल्प असते, शरद ऋतू लांबतो, आणि सावकाश पिकणाऱ्या द्राक्षांत सुवास व आम्लता या दोन्ही गुणांचा संचय होतो. फ्रान्समध्ये अन्यत्र बाटलीवर बहुधा गावाचे किंवा मळ्याचे नाव मिरवते; येथे मात्र द्राक्षाच्या जातीचे नाव ठळक छापण्याचा शिरस्ता असल्याने तौलनिक आस्वादास इतके सोयीचे क्षेत्र क्वचितच आढळेल.

रीस्लिंग, मुस्का, पिनो ग्री व गेवुर्झट्रामिनर या चार जाती तेथे कुलीन गणल्या जातात, आणि ‘ग्राँ क्रू’ ही सनद लाभलेल्या ५१ मळ्यांत, थोडे अपवाद वगळता, यांनाच मुभा आहे. चौघींना एका बैठकीत पारखायचे तर क्रम महत्त्वाचा. गेवुर्झट्रामिनर प्रथम ओतली की पुढच्या तिघी मुक्याच वाटतात. म्हणून आरंभ रीस्लिंगने करावा आणि गेवुर्झट्रामिनरला शेवटी बोलवावे. पेला तिसरा हिस्सा भरावा. वाइन थंड असावी, पण बर्फगार नको, कारण अति गारठ्यात सुगंध मिटून जातो.

गेवुर्झट्रामिनरचे द्राक्ष गुलाबी सालीचे आणि तिची वाइन गडद सोनेरी. पेला नाकाशी नेताच लिची आणि गुलाब यांचा असा दरवळ येतो की साखरेचा पाक पुढ्यात आल्याचा भास व्हावा. हा दरवळ निव्वळ कल्पनेचा खेळ नव्हे. लिचीच्या सुवासातील एक प्रमुख द्रव्य या वाइनमध्येही असते. आता नाक चिमटीत धरून घोट घ्यावा: बाटली कोरड्या प्रकारची असेल तर जिभेवर गोडी नाहीच, उरते मंद आम्लता, जडपणा आणि शेवटी किंचित कडवटपणा. नाकाची साक्ष आणि जिभेचा कौल यांतील ही तफावत ज्याने एकदा अनुभवली, त्याला सुगंधी आणि गोड हे दोन गुण निराळे असल्याचे वेगळे शिकवावे लागत नाही. मुस्काही असाच चकवा देते. ताज्या द्राक्षाचाच वास असलेली ही वाइन आल्सासमध्ये बहुतांशी कोरडी असते. पिनो ग्री भरदार व धुरकट. पूर्वी ती ‘टोके’ या नावाने विकली जाई, परंतु हंगेरीने त्या नावावर हक्क सांगितल्यामुळे २००७ पासून ते बंद झाले.

रीस्लिंगचा मामला मात्र सर्वांत सखोल. तारुण्यात लिंबू व हिरवे सफरचंद, आणि बाटलीत वर्षे काढल्यावर चक्क रॉकेलचा वास! नवख्याला तो दोष वाटतो, जाणत्याला परिपक्वतेचा दाखला. एकाच हंगामाच्या दोन बाटल्या समोर ठेवाव्यात, एक श्लोसबर्ग मळ्याच्या ग्रॅनाइट खडकावरची आणि दुसरी तान गावाजवळील रांगेनच्या ज्वालामुखीजन्य चढावरची. जात तीच असूनही पहिली रेखीव व तरल, तर दुसरी धुरकट व पुष्ट भासते.

बाटलीत साखर किती, हे लेबलावरून कळण्याची सोय फार काळ नव्हती आणि त्याबद्दलची तक्रार सर्वस्वी न्याय्य होती. २०२१ च्या हंगामापासून कोरडी, अर्धगोड की गोड याचा निर्देश सक्तीचा झाला आहे.

भोजनाअंती उग्र वासाचे मुन्स्टर चीज शहाजिऱ्यासह पानात येते आणि त्यासोबत गेवुर्झट्रामिनरच हवी असा स्थानिकांचा आग्रह असतो. जोडी जमते, यात वाद नाही. तरीही निवड प्रस्तुत लेखकावर सोपवली, तर चीजलाच रजा देऊन तो रीस्लिंगचा दुसरा पेला मागवील.