उजेडाने वळणारी पट्टी

उन्हात वाळत घातलेला पापड पाहिलाय ना? वरची बाजू आधी सुकते, आक्रसते आणि कडा वर वळतात. अशीच, पण नुसत्या उजेडाने वळणारी प्लॅस्टिकची पट्टी आहे बरं का!

टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील तोमिकी इकेदा आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ती दाखवली. केसाहूनही पातळ! तिच्यात अ‍ॅझोबेन्झीनचे रेणू गुंफलेले असतात. हा रेणू एरवी काडीसारखा सरळ. अतिनील किरण पडले, की तो कोपरासारखा वाकतो. हे किरण वरच्या थरातच शोषले जातात. म्हणून तेवढाच थर आक्रसतो आणि पट्टी उजेडाकडे वळते. मग तिच्यावर डोळ्यांना दिसणारा प्रकाश टाकायचा. रेणू सरळ, पट्टीही सरळ! पापडाला काही हे जमत नाही.

२००८ मध्ये याच गटाने अशा पट्ट्याने दोन चिमुकली चाकं फिरवली. एका चाकाजवळ अतिनील प्रकाश, दुसऱ्याजवळ साधा. ना वायर, ना सेल!

आता सांगा पाहू, किरण आरपार जाऊन दोन्ही बाजू सारख्याच आक्रसल्या, तर पट्टी वळेल का? विचार करा. पापड आठवा!