मोटारीची साक्ष

गेल्या श्रावणात साताऱ्याहून एक काकू माझ्याकडे आल्या. वय सत्त्याऐंशी. सोबत नातू, आणि नातवाच्या मोबाइलमध्ये एक जुना फोटो. वाड्यासमोर मोटार उभी आहे. मोटारीच्या तोंडाशी कोट-टोपीतले एक गृहस्थ, त्यांच्याशेजारी नऊवारीतली तरुण बाई, पुढे अर्ध्या चड्डीतला मुलगा. गृहस्थ म्हणजे काकूंचे वडील. मुलगा त्यांचा सावत्र भाऊ. प्रश्न होता तो बाईंचा.

वडिलांची दोन लग्ने झाली. पहिली पत्नी शके १८५५च्या कार्तिकात, म्हणजे १९३३च्या नोव्हेंबरच्या सुमारास वारली. तिथी घरच्या वहीत आहे. दुसरे लग्न १९३५ साली झाले. काकू या दुसऱ्या पत्नीच्या. त्या चार वर्षांच्या असताना त्यांचीही आई गेली. दोघींपैकी एकीचाच फोटो उरला, आणि तो थोरल्या भावाच्या घरी ‘आई’ म्हणून हार घालून लावलेला आहे. तुझ्या आईचा फोटो नाही, असे काकू लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. “मोटार कोणत्या सालची तेवढं सांगा,” त्या म्हणाल्या.

माझे शिक्षण बी. कॉम., नोकरी बँकेतली. वडिलांचे छोटे गॅरेज होते, तिथे गाड्यांचे अवयव ओळखायला शिकलो. पुढे फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून जुनी दुरुस्तीची पुस्तके, सुट्या भागांचे कॅटलॉग आणि वर्तमानपत्रांतल्या मोटारींच्या जाहिराती जमवत गेलो. त्या शिदोरीवर लोकांच्या घरच्या फोटोंतल्या मोटारी ओळखून देतो.

नाव वाचता येत असेल तर ओळखण्याचे काम उरतच नाही. पण बहुतेक फोटोंत माणसे नेमकी मोटारीच्या नावापुढेच उभी असतात. मग उरलेले तुकडे पाहायचे. चाकाचे आरे लाकडी की तारेचे? दाराच्या बिजागऱ्या पुढे की मागे? दिवे मडगार्डवर बसवलेले की मडगार्डमध्ये बुजवलेले? बॉनेटच्या बाजूला हवेसाठी ठेवलेल्या फटी उभ्या, आडव्या की तिरप्या? १९२८-२९ची फोर्ड ‘मॉडेल ए’ आणि १९३०-३१ची ‘मॉडेल ए’ दुरून सारख्याच दिसतात. पण पहिलीची चाके एकवीस इंची, दुसरीची एकोणीस इंची, आणि दुसरीचे रेडिएटर उंच. ब्यूक गाड्यांच्या बॉनेटच्या बाजूला गोल भोके आली ती १९४९पासून. अशा खुणांची यादी मनात तयार असावी लागते.

अमेरिकन कंपन्यांचा एक उपकार आहे. गिऱ्हाइकाला गेल्या वर्षीची गाडी जुनी वाटावी म्हणून त्या दरवर्षी गाडीचा चेहरा थोडा बदलत. विक्रीची ही युक्ती आज आपल्याला तारखा पुरवते. उलट ॲम्बॅसॅडर १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४पर्यंत जवळपास त्याच अंगाने निघत राहिली. फोटोत ती असली की साल काढणाऱ्याचे फारसे भागत नाही. नंबरपाटी मदत करते, पण बेताने. मुंबई राज्याच्या काळातली ‘बी. एम.’ने सुरू होणारी पाटी गाडीची नोंदणी कुठली ते सांगते. फोटो त्यानंतर किती वर्षांनी काढला, हे ती सांगत नाही.

निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेले फोटोही पुष्कळ सापडतात. आपल्याकडे सुकाणू उजवीकडे. ते डावीकडे दिसले तर आधी पुरुषांच्या कोटाची बटणे पाहावीत. तीही उलट्या बाजूला असतील तर मोटार परदेशी नोंदणीची नसून फोटोच उलटा आहे.

या कामात मी एकदा चांगलाच चुकलो आहे. एका कुटुंबाने आजोबांच्या ‘डी सोटो’चा, १९५०च्या दशकातला फोटो पाठवला होता. पुढची जाळी डी सोटोसारखी, मोठ्या उभ्या दातांची. पण बाकी सगळे अंग प्लायमथचे. माझ्याकडच्या अमेरिकन पुस्तकांत अशी गाडीच नव्हती. मी ठामपणे लिहून दिले, ‘ही प्लायमथ असून जाळी मागाहून बसवलेली आहे.’ त्यांनी ते कुलवृत्तांतात छापले. दोन वर्षांनी मला ‘डी सोटो डिप्लोमॅट’ सापडली. क्रायस्लर कंपनी परदेशांसाठी प्लायमथच्याच अंगावर वेगळा चेहरा बसवून ती डी सोटो म्हणून विकत असे. तशीच ‘डॉज किंग्जवे’. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या जोडल्या जात. जी गाडी अमेरिकेत विकायलाच नव्हती, ती मी अमेरिकन पुस्तकांत शोधत होतो. आजोबा बरोबर होते. मी क्षमापत्र लिहिले, पण छापलेला कुलवृत्तांत घरोघरी गेला होता. तेव्हापासून ‘माझ्या पुस्तकात नाही’ आणि ‘जगात नाही’ यांत मी फरक करतो.

काकूंच्या फोटोकडे वळतो. मोबाइलमधले चित्र चेहऱ्यांभोवती कापलेले होते. मी मूळ फोटो, कडांसकट, स्कॅन करून मागवला. गाडी फोर्ड व्ही-एट, हे मडगार्डांच्या वळणावरून आणि मागे झुकलेल्या जाळीच्या दिसणाऱ्या कडेवरून ठरले. आता १९३३ची की १९३४ची? दोन्ही वर्षांचे अंग जवळजवळ एकच. जाळी पूर्ण दिसली असती तर सोपे होते. पण काकूंचे वडील तिच्यापुढेच उभे. उरली बॉनेटची एक बाजू. १९३३च्या फोर्डच्या बॉनेटवरच्या फटी किंचित वळलेल्या आहेत आणि बॉनेट उघडायला प्रत्येक बाजूला एक हँडल आहे. १९३४ला फटी सरळ झाल्या आणि हँडले दोन. स्कॅन मोठा करून पाहिला. फटी सरळ होत्या. एक हँडल स्पष्ट होते, आणि बाईंच्या पदराच्या काठाला लागून दुसरे.

शंका घ्यायची तर अशी घेता येईल : १९३३च्या गाडीवर कुणी नंतरचे बॉनेट चढवले असेल. पण त्याने उत्तर बदलत नाही. फोटोतली सर्वांत नवी वस्तू फोटोची आधीची हद्द ठरवते, मग ती अख्खी गाडी असो की एक पत्रा. गाडी शेजाऱ्याची असली तरी हेच. आणि फोर्डच्या गाड्या आपल्याकडे येत त्या कॅनडातल्या फोर्ड कंपनीमार्फत, जहाजाने. १९३४चे मॉडेल १९३३च्या नोव्हेंबरात साताऱ्याच्या वाड्यासमोर उभे असणे शक्य नाही. म्हणजे त्या बाई पहिल्या पत्नी नव्हेत.

एवढेच मोटार सांगते. त्या बाई दुसऱ्या पत्नी आहेत, असे ती सांगत नाही. आत्या असू शकेल, पाहुणी असू शकेल. मोटारीची साक्ष ‘याच्या आधी नाही’ इथे संपते. पुढचे माणसांनी सांगायचे असते. मी काकूंना हे फोनवर नीट समजावले. आणखी एक गोष्ट बोलणे भाग होते. हे उत्तर खरे, तर थोरल्या घराकडून त्यांच्या आईचा एकमेव फोटो जातो. आणि सांगणारे तर खुद्द दादा, फोटोतला मुलगा. आई गेली तेव्हा ते सात वर्षांचे होते. त्यांना आपली आई ओळखू आली नसेल?

काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझी आई गेली तेव्हा दादा पंधरा वर्षांचा होता. सहा वर्षं तिनंच त्याला वाढवलं. तो तिलाही आईच म्हणायचा हो.”

दादा आता नाहीत. त्यांनी ‘ही माझी आई’ म्हटले ते खोटे नव्हते. ऐकणाऱ्यांनी कोणती आई, हे विचारले नाही.

फोटोची एक प्रत काकूंनी करून घेतली. थोरल्या घरचा फोटो आणि हार जागेवरच आहे. मागे काय लिहू, असे त्यांनी विचारले तेव्हा मी सांगितले, ‘१९३४ किंवा त्यानंतर’ एवढे माझ्या भरवशावर लिहा. नाव तुम्ही घाला. दिवाळीच्या साफसफाईत जुने फोटो हाती येतील. त्यांच्या कडा कापू नका, आणि ओळखणारे माणूस घरात आहे तोवर पाठीमागे पेन्सिलीने पूर्ण नाव लिहून ठेवा. नुसते ‘आई’ लिहू नका.