उकाडा, लोकल आणि एमएस

मे महिन्यात घाटकोपर स्टेशनचा जिना चढताना घाम सगळ्यांनाच फुटतो. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस असलेल्या माणसाची मात्र त्याच जिन्यावर नजर धूसर होऊ शकते, पाय जड पडू शकतात.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. उघड्या पडलेल्या तंतूतून संदेश कसाबसा जातो. शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी तो अडखळतो. व्यायामानंतर रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ ऊटहॉफ यांनी 1890 मध्येच नोंदवलं होतं. अंग थंड झालं की हा त्रास ओसरतो. नवं लक्षण चोवीस तासांहून जास्त टिकलं, तर डॉक्टरांना लगेच कळवावं.

म्हणूनच उपचार फक्त एमआरआयच्या अहवालावर बेतून भागत नाही. बोरिवलीहून येणाऱ्या रुग्णाला भर दुपारची वेळ का द्यायची? एमएसमुळे लघवीची घाई होते म्हणून तो प्रवासच टाळतो, हे विचारल्याशिवाय कळतही नाही. थकवा आणि नैराश्याचंही तसंच.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा स्वतंत्र उल्लेख आहे. तरी लोकलच्या दिव्यांग डब्यात ‘तुम्ही तर धडधाकट दिसता’ हे ऐकावं लागतंच, कारण थकवा दिसत नाही. मुंबईत 1985 मध्ये सुरू झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्ण आणि कुटुंबीयांना एकत्र आणते. निदान नवं असेल, तर तिथे एक फोन जरूर करावा.