पडल्यावरही लढणारा हाफबॅक

अमेरिकन फुटबॉलमध्ये हाफबॅकचं काम सांगायला सोपं आहे. मागच्या फळीत उभं राहायचं, हाती आलेला चेंडू छातीशी कवटाळायचा आणि समोरच्या अकरा जणांत फट दिसली की सुसाट सुटायचं. पकडून खाली पाडलं की ती चाल संपते. फ्रिट्झ पोलार्डचा खरा धोका मात्र तिथून पुढे सुरू व्हायचा. तो कृष्णवर्णीय होता, आणि पडलेल्या पोलार्डवर मुद्दाम उड्या घालणारे कमी नव्हते. म्हणून पडताक्षणी तो गर्रकन उताणा होई, गुडघे पोटाशी ओढी आणि सायकल चालवावी तसे पाय हवेत फिरवत राही. बुटांचे ते टोकदार तळवे चुकवून अंगावर यायला सहसा कोणी धजावत नसे.

शिकागोत वाढलेला, जेमतेम पावणेसहा फूट उंचीचा हा मुलगा १९१५ साली ब्राऊन विद्यापीठाकडून खेळू लागला. १ जानेवारी १९१६ रोजी पासाडेनाच्या चिखलात ब्राऊनचा संघ वॉशिंग्टन स्टेटकडून १४-० असा हरला. पोलार्डची त्या दिवशी डाळ शिजली नाही. पण रोझ बोल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सामन्यात खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. त्याच वर्षीच्या पुढच्या मोसमात ब्राऊनने येलला २१-६ आणि हार्वर्डला २१-० असं लोळवलं. एकाच मोसमात या दोन्ही बलाढ्य संघांना हरवणं ब्राऊनला तोवर कधी जमलं नव्हतं. फुटबॉलचे जाणकार वॉल्टर कॅम्प यांनी निवडलेल्या, देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या अखिल अमेरिकन संघात पोलार्डची निवड झाली, यात नवल ते काय!

माझ्या मते त्याची त्याहून मोठी कामगिरी ॲक्रनमधली. १९२० साली नव्या व्यावसायिक लीगचं पहिलं विजेतेपद ॲक्रन प्रोजने पटकावलं, त्यात पोलार्ड होता. दुसऱ्याच वर्षी खेळता खेळता तो संघाचा प्रशिक्षकही झाला. हीच लीग १९२२ पासून एनएफएल म्हणून ओळखली जाते. पुढे १९३४ ते १९४५ या काळात तिथे एकही कृष्णवर्णीय खेळाडू दिसला नाही. ज्या दारातून पोलार्ड आत गेला होता, ते त्याच्यामागे बंद करण्यात आलं, हा अन्यायच होता.

पोलार्डनंतर लीगमधला दुसरा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक आर्ट शेल याची नेमणूक व्हायला १९८९ साल उजाडलं. पोलार्ड त्याआधीच, १९८६ मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी वारला होता. व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं ते २००५ साली.