पार्ट बिघडला, मग फॉरमॅट कशाला?

जळगाव जामोदच्या बाजारात आज कापसाच्या व्यापाऱ्यापासून शिलाई कारखान्यापर्यंत हिशेब संगणकावर आहे. तो बंद पडला की दुरुस्तीवाला बहुधा म्हणतो, "फॉरमॅट मारावे लागेल." दुकानदार मान डोलावतो आणि वर्षभराची उधारी, जीएसटीची बिले पुसली जातात. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. ते लिहिलेले एका होकारात घालवणे आम्हांस पटत नाही.

पॉवर सप्लाय, रॅम, पंखा, कीबोर्ड हे भाग बदलताना विंडोजला हात लावण्याचे कारणच नाही. कित्येकदा रॅम काढून तिचे पिवळे टोक खोडरबराने पुसले तरी काम भागते. अगोदर कोणता पार्ट गेला ते विचारावे, मगच पैशाचे बोलावे.

हार्ड डिस्क खडखडू लागली तर मात्र घाई करावी. ती वाचता येते तोवर माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी आणि नव्या डिस्कवर तिची हुबेहूब नक्कल करावी. क्लोनझिला हा प्रोग्राम त्यासाठी फुकट मिळतो. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. विंडोज, टॅली, प्रिंटर सारे जसेच्या तसे येते. डिस्क पुरती मेल्यावर हा उपाय नाही.

खरी पंचाईत मदरबोर्डची. 2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीत वेगळ्या जातीचा बोर्ड बसवला की पडदा निळा होऊन यंत्र अडे. विंडोज 10 व 11 बहुतेक वेळा पहिल्याच सुरुवातीस नवा बोर्ड ओळखून घेतात. जुन्या बायोसमध्ये डिस्क एएचसीआयवर होती की रेडवर, ते बघून नव्यातही तसेच ठेवावे. नव्या लॅपटॉपात बिटलॉकरचे कुलूप असते. बोर्ड बदलताच ते 48 आकडी किल्ली मागते. ती वहीत आधीच उतरवलेली बरी, नाहीतर डिस्क धडधाकट असूनही उघडत नाही.

परवान्याचेही ध्यानात असू द्यावे. यंत्रासोबत आलेला विंडोजचा परवाना पहिल्या बोर्डाशी बांधलेला असतो. सुटा घेतलेला नव्यावर नेता येतो. टॅलीचा परवाना बोर्ड काढण्यापूर्वी सरेंडर करावा. बोर्ड जळालाच असेल तर तो रिसेट करून घ्यावा लागतो. म्हणून टॅलीचा सिरीयल नंबर दुकानाच्या बिलबुकातही लिहिलेला असावा.