टाकाऊ कागदांचे मोल

धनजला आजोबांच्या तेराव्यानंतर आम्ही घरातल्या जीर्ण पोथ्या आणि मोडीतले हिशेबाचे कागद नदीत सोडले. देवाचे नाव असलेला कागद पायदळी येऊ नये, एवढाच हेतू. पुढे ‘गेनिझा’विषयी वाचताना ते विसर्जन मला वारंवार आठवले.

ज्यू परंपरेतही ईश्वराचे नाव असलेले लिखाण नष्ट करीत नाहीत. ते पुरण्यापूर्वी एका खोलीत साठवतात. तीच गेनिझा. जुन्या कैरोतील बेन एझ्रा सिनेगॉगच्या गेनिझात मात्र कागद शतकानुशतके साचतच राहिले. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतले सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला नेले. धर्मग्रंथांबरोबर त्यांत घरगुती पत्रे, करारनामे, मालाच्या याद्याही निघाल्या. त्यांवरूनच गॉइटाइन यांनी त्या काळच्या सामान्य माणसांचे जगणे उभे केले. बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेला ज्यू व्यापारी अब्राहम बेन यिजू आपल्याला कळतो तो याच पत्रांमुळे. त्यांत मिरी, सुपारी, लोखंड यांचे व्यवहार आहेत; त्याला एडनहून पाठवलेल्या कोऱ्या कागदाचीही नोंद आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी, कारंज्याला, जैन भांडारांनी अपभ्रंश ग्रंथ जपले, डॉ. हिरालाल जैन यांनी ते संपादून अभ्यासकांपुढे आणले. ग्रंथांना असे राखणदार मिळाले. हिशेबाच्या चिटोऱ्यांना कोण मिळणार? आजोबांनी कोणाला किती उसने दिले, कापूस काय भावाने विकला, हे आता कळायचे नाही.

परवा माळ्यावर आणखी एक गाठोडे सापडले. ते मी नदीवर नेलेले नाही. मोडी वाचणारा शोधतो आहे.